शंभरातले वीस

सोमवारी सकाळी मी जळणखोलीतली प्रत्येक वस्तू मोजली. जाळण्याची लोखंडी पेटी एक. तिला दार एक, दाराला खिट्ट्या आठ, त्यातली एक आखडलेली. आर्गॉनच्या टाक्या तीन, भरलेल्या दोन. ऑक्सिजनची टाकी एक. धूर साठवायची मोठी पिशवी एक, तिला ठिगळं चार. राखेच्या थाळ्या सहा. तराजू दोन, त्यातला लहान इतका हळवा, की जवळ कोणी शिंकलं तरी आकडा हलतो. पंखा एक. स्टूल एक, तीन पायांवर नीट आणि चौथ्याखाली दुमडलेला पुठ्ठा. पाचोळ्याच्या सीलबंद पिशव्या दोन, प्रत्येकी अडीचशे ग्रॅम.

पिशव्या मुळात चोवीस होत्या. बावीस जाळून झाल्या. ज्या टेकडीवरून आम्ही तो पाचोळा गोळा केला होता, ती मागच्या महिन्यात खऱ्या वणव्यात जळून काळी झाली. त्यामुळे पंचविसावी पिशवी आता कुठूनही येणार नव्हती.

यादी मागितली होती मुख्यालयाने. पत्रात लिहिलं होतं, की संस्थेत हाताने बनवलेल्या पेटीचे निष्कर्ष संशयास्पद असल्यामुळे दोन आठवड्यांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर पेटी मोडीत काढून तयार पेटी मागवण्यात यावी. ती पेटी बनवली होती माझ्या आत्याने.

आत्या या संस्थेत एकतीस वर्षं जोडारी आहे. नळ्या जोडणं, झडपा बसवणं, पत्रा कापणं, गळती शोधणं हे तिचं काम. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार आहे. मी इथे लागले ती तिच्या ओळखीने नव्हे, परीक्षा देऊन. हे मी सगळ्यांना सांगते, आणि आत्या माझ्याही आधी सांगते. पहिल्या दिवशी तिला कामाच्या ठिकाणी रीतसर हाक मारायची असं मी घरून ठरवून आले होते. पण वळणावर ती शिडीवर उभी दिसली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "आत्या, पडशील!" त्या दिवसापासून सगळी संस्था तिला आत्या म्हणते. आमचे प्रमुखसुद्धा.

प्रमुखांना आम्ही मागे दशांश सर म्हणतो. कोणताही आकडा सांगा, ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "आणि पुढचा दशांश?" त्यांना हे नाव माहीत आहे. मला वाटतं, आवडतंही.

आम्ही काय करत होतो ते थोडक्यात सांगते. प्रत्येक पानात, काडीत थोडा नायट्रोजन असतो. वणवा लागला की तो वेगवेगळ्या वेषांत धुरातून बाहेर पडतो. काही ऑक्साइड होऊन, जे खाली गावाची हवा बिघडवतात. काही अमोनिया होऊन. थोडा हायड्रोजन सायनाइडसारख्या वायूंतून. थोडा राखेत राहतो. आणि बराचसा साधा नायट्रोजन होऊन हवेत मिसळतो, जो कुणाचं काही बिघडवत नाही. शंभर भागांतले किती भाग कुठे जातात, हे आम्हाला सांगायचं होतं. त्यावरून वणव्याच्या दिवशी कुणी घरात थांबायचं आणि कुणी नाही, हे ठरणार होतं.

यातला साधा नायट्रोजन सगळ्यांत अवघड. हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग तोच असतो. त्यात पाचोळ्यातून आलेला चिमूटभर शोधायचा म्हणजे विहिरीत ओतलेलं तांब्याभर पाणी परत काढण्यासारखं. म्हणून आम्ही पाचोळा हवेत जाळतच नाही. पेटीतली सगळी हवा काढून आर्गॉन आणि ऑक्सिजन भरतो आणि मग पेटवतो. नंतर पेटीतला थोडा धूर एका नळीने वायू मोजायच्या यंत्रात जातो; त्यात जेवढा नायट्रोजन सापडेल, तेवढा पाचोळ्याचाच.

शेवटी सगळं मिळवायचं. जेवढा घातला, तेवढा निघाला पाहिजे. शाळेत गणिताचा ताळा करतात तसाच हा ताळा.

पाचोळ्याचं आणि राखेचं पृथक्करण दुसऱ्या प्रयोगशाळेत होतं आणि ते लोक गठ्ठ्याने उत्तरं पाठवतात. त्यामुळे बावीस जाळांचा ताळा आम्हाला एकाच दिवशी मिळाला. पहिल्या चौदांची सरासरी ९६.२. पुढच्या आठांची ७६.८. मधल्या दिवशी आत्याने पेटीच्या दाराची जुनी रबरी पट्टी काढून नवी, स्वतः कापलेली बसवली होती.

"शंभरातले वीस गेले कुठे?" मी म्हणाले.

"एकोणीस पूर्णांक चार," सर म्हणाले. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही, पट्टीकडे पाहिलं. पत्र त्यानंतर आलं.

आत्याने कुणाशी वाद घातला नाही. ती गुडघ्यावर बसून दाराच्या कडेने साबणाचं पाणी लावत राहिली आणि बुडबुडे येतात का बघत राहिली. त्या पेटीला ती थोरली म्हणते. मी धाकटी. आत्याला मूलबाळ नाही, आणि हे नामकरण तिने हसत केल्याचं मला आठवत नाही. पण "थोरलीला आज बरं नाही" म्हटलं की कुठली तरी खिट्टी अडलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"बुडबुडा आला?" मी विचारलं.

"आला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान भांडायला काही मिळालं असतं."

यादी पूर्ण करून मी कार्बनचे आकडे काढले. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. पाचोळ्यात कार्बन भरपूर, आणि त्याचाही ताळा आमच्याकडे होता; फक्त कुणी मागितला नव्हता. पहिले चौदा जाळ, कार्बन ९८.१. पुढचे आठ, ९८.०.

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. "सर, पट्टीतून गळत असेल तर कार्बनही गळायला हवा. भोक काही निवडून निवडून नायट्रोजनच बाहेर सोडत नाही."

चष्मा कपाळावर चढला. "अठ्ठ्याण्णव पूर्णांक शून्य काय?"

"शून्य चार."

"हं." "म्हणजे थोरली निर्दोष." ते थोरली म्हणाले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "पण मुख्यालयाला 'काय नाही' ते सांगून चालत नाही. 'काय आहे' ते लागतं. वीस भाग शोध."

"एकोणीस पूर्णांक चार," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

आत्याची वही मागून घेतली. प्रत्येक जाळाला एक ओळ: तारीख, पेटीतला दाब, तापमान, कुठल्या खिट्टीला किती आटे. अक्षर लहान आणि सरळ. आणि प्रत्येक ओळीच्या अगदी टोकाला, समासाबाहेर, पेन्सिलीने एक आकडा. वर शीर्षक नाही. पहिल्या जाळापुढे सहा. मग नऊ, आठ, चौदा, अकरा. बाराव्यापुढे तेवीस. चौदाव्यापुढे अडतीस. पंधराव्यापुढे दोन, आणि तिथून खाली शून्य, एक, शून्य, शून्य.

मी जे शिकले आहे तेच केलं. आडव्या अक्षावर तो आकडा, उभ्या अक्षावर सापडलेला नायट्रोजन, आणि बावीस ठिपके. ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके पडले. आकडा मोठा तिथे ताळा जुळलेला. आकडा शून्याजवळ तिथे वीस भाग गायब. इतका सुरेख आलेख माझ्या हातून आजवर निघाला नव्हता. मी तो घेऊन धावत कार्यशाळेत गेले. आत्या चिमट्यात नळी धरून कानस मारत होती.

"आत्या, हा शेवटचा आकडा कसला आहे?"

तिने आलेख पाहिला, वही पाहिली, आणि परत कानस मारायला लागली. "तो माझा आहे. तुमच्या शास्त्रातला नाही."

"अगं पण बघ ना, काय भन्नाट जुळतोय! दाब आहे का? कंपनं? सांग ना."

"नाही सांगत जा."

"आत्या, तुझी पेटी मोडीत निघायची वेळ आलीय!"

कानस थांबली. "तुझा खोकला आहे," ती म्हणाली.

मी आलेख खाली घेतला.

"राखेची थाळी काढायला दार उघडलं की धूर बाहेर येतो. राख उडू नये म्हणून पंखा मंद ठेवावा लागतो. आणि तू तिथेच स्टुलावर यंत्राशी बसलेली. लहानपणी तुझी छाती भरायची तेव्हा तुझ्या बापाला काही सुधरायचं नाही, मीच बसायचे मोजत. सवय आहे. चौदाव्या जाळाला अडतीस वेळा खोकलीस. मग मी यंत्रच हलवलं शेजारच्या खोलीत."

"तू तर म्हणालीस, धुराने यंत्र खराब होतं!"

"मग काय म्हणू? भाचीला ठसका लागतो म्हणून प्रयोग हलवला? साऱ्या संस्थेने तुला कडेवर घेतलं असतं."

मी आलेखाकडे पाहिलं. जितकी मी जास्त खोकले, तितका नायट्रोजन जास्त सापडला. हे वाक्य कुठल्याही नियतकालिकाला पाठवता आलं नसतं. पण त्याच्या मागे जे होतं, ते मला दिसायला लागलं.

"आत्या, यंत्र हलवलंस तेव्हा नळी किती लांब झाली?"

"दीड मीटरची साडेसात. भिंतीतून भोक पाडून नेलीय. जोड एकही नाही मध्ये, सलग आहे. माझी नळी गळत नाही."

"गळत नाही गं. चिकटतंय."

ओल्या पाचोळ्याच्या धुरात वाफ असते. साडेसात मीटर थंड नळीतून जाताना ती वाफ आतल्या बाजूला बसते. डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ पाण्याचा थर. आणि अमोनियाला पाणी फार प्रिय. तो त्या थरातच मुक्काम ठोकतो, यंत्रापर्यंत पोचतच नाही. कार्बनच्या वायूंना पाण्याचं एवढं वेड नाही, म्हणून ते सगळे पोचतात.

दुपारी आम्ही दोघींनी नळी काढली आणि पातळ आम्लाने आतून तीनदा धुतली. धुराचा दोनशेवा भागच नळीतून जातो, तेव्हा आठ जाळांचा हरवलेला नायट्रोजन नळीत साडेसतरा मिलिग्रॅम असायला हवा, असा माझा हिशेब. धुवण्यात सापडला १५.२.

आत्या आकडा ऐकून खुर्चीत बसली. तिने हात पुसले, एकेक बोट वेगळं. "म्हणजे चूक माझीच," ती म्हणाली.

सरांना मात्र आनंद आवरेना. ते स्वतः चालत कार्यशाळेत आले. "सुटलं! यंत्र परत जळणखोलीत आणा. दीड मीटरची नळी लावा. उरलेल्या दोन पिशव्या जाळा. ताळा जुळला की पत्राला उत्तर."

"नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"नळी तिथेच राहील."

"आत्या, मी मास्क लावून बसते," मी म्हणाले.

"मास्क लावूनच अडतीस झाले होते."

"दोनच तर जाळ आहेत!"

"आज दोन. ताळा जुळला की पुढच्या टेकडीचा पाचोळा येईल. मग चाळीस. मी तीन महिन्यांनी घरी, आणि तू त्या स्टुलावर." ती सरांकडे वळली. "सर, पत्राला उत्तर लिहा. पेटी गळते. पेटी गेली की तिचा धूरही गेला. खाली मी सही करते."

सरांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. "आत्या, कार्बन अठ्ठ्याण्णव आहे हो."

"तो त्यांनी मागितलेला नाही."

"खोटं लिहायचं?" माझा आवाज चढला. "एकतीस वर्षांत कधी नळीची लांबी एक मिलिमीटर फिरवून लिहिली नाहीस तू! आणि आता स्वतःच्या हातच्या पेटीवर खोटं?"

"पेटी आहे ती. पत्रा आहे. पत्र्याला काय वाटणार?"

"तुला वाटेल ना!"

"मला वाटलेलं मी बघून घेईन. तू घसा ताणू नकोस, आत्ता ढास लागेल."

आणि खरंच लागली. रागाने लागली, धुराने नव्हे. पण आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचा मुद्दा मीच सिद्ध करून दिला. तिने मला पाण्याचा पेला दिला.

पेला खाली ठेवताना मला जाणवलं, की आमच्या भांडणात नळीचा काही दोष नाही. नळी लांब आहे म्हणून अमोनिया बसत नाही. नळी थंड आहे म्हणून बसतो.

"नळी गरम ठेवली तर?" मी विचारलं.

"तापवलेली नळी मिळते तयार," सर म्हणाले. "यायला सहा आठवडे. आपल्याकडे आहेत अकरा दिवस."

"किती गरम?" आत्याने विचारलं.

"एकशेवीस अंश."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. एक बोटभर जरी थंड राहिली, तरी तो तिथेच बसेल."

आत्या उठली. कपाटाच्या खालच्या खणातून तिने निकामी झालेल्या दोन भट्ट्यांच्या हीटरच्या तारा काढल्या, मीटरपट्टी मानेभोवती टाकली आणि मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? दुसरं टोक धर."

पुढचे चार दिवस आम्ही नळी बनवत होतो. आतून टेफ्लॉन, त्यावर पातळ तांब्याचा पत्रा, त्यावर तार, दर दोन सेंटिमीटरला एक वेढा, त्यावर काचलोकर, त्यावर कापडी पट्टी. वेढे मी मोजले: तीनशे पंचाहत्तर. दोनशे चाळिसाव्याला चुकले, तर आत्या म्हणाली, "पहिल्यापासून," आणि मी रडकुंडीला आले. सर जाता-येता डोकावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पट्टी गुंडाळायला बसले. त्यांनी गुंडाळलेला अर्धा मीटर आत्याने ते गेल्यावर उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

"त्यांना कळलं तर?"

"कळणार नाही. आणि तू बोलशील तर तुझे तीनशे पंचाहत्तर परत."

नळीवर मी सहा जागी तापमान मोजायच्या तारा लावल्या. सहाही जागी एकशे एकोणीस ते एकशे बावीस. मी यंत्राशी, भिंतीच्या पलीकडे, बंद दारामागे. आत्या पेटीशी. तिला धुराचं काही होत नाही, मी विचारलं तर म्हणाली, "धूर मला घाबरतो." पण त्या दिवशी मी तिच्या तोंडावर मास्क बांधूनच शेजारच्या खोलीत गेले. तिने बांधू दिला. एवढंच म्हणाली, "गाठ फार घट्ट झालीय."

जाळ क्रमांक तेवीस पेटवला. राखेचं उत्तर लवकर यावं म्हणून सरांनी दुसऱ्या प्रयोगशाळेला स्वतः तीन फोन केले. दोन दिवसांनी ताळा केला: ८८.९.

चांगला होता, पण पुरेसा नव्हता. मी नळीच्या बाजूने हात फिरवत चालत गेले, टोकापासून टोकापर्यंत, डोळे मिटून. भिंतीपाशी हात थांबला. भोकातून नळी जाते तिथे काचलोकर मावली नव्हती, आणि सहापैकी एकही तार तिथे नव्हती. मी सातवी तार आत सरकवली. त्रेचाळीस अंश.

"भिंत," मी म्हणाले. "भिंत उष्णता खेचून घेतेय. अठरा सेंटिमीटर."

"माझं भोक," आत्या म्हणाली. "सुबक पाडलं होतं मी. नळीच्या मापाचं." तिने छिन्नी आणि हातोडी आणली आणि ते सुबक भोक फोडायला घेतलं. मला खोलीबाहेर घालवलं, धूळ उडते म्हणून. मी दाराच्या काचेतून बघत राहिले. दर दहा-बारा घावांनी ती थांबायची, हात झटकायची, मान वळवून मी लांब उभी आहे ना हे बघायची, आणि पुन्हा सुरू करायची.

संध्याकाळी पाच वाजता त्या भोकात काचलोकरीचा जाड थर बसला. सातवी तार: एकशे अठरा.

शेवटची पिशवी आम्ही मंगळवारी सकाळी फोडली. आत्याने आठ खिट्ट्या आवळल्या, आखडलेली सगळ्यांत शेवटी, हळूहळू, तिच्याशी काहीतरी बोलत. मग भिंतीवर दोनदा टकटक केली. मी पलीकडून दोनदा केली.

राखेचं उत्तर गुरुवारी दुपारी आलं. सर दारात उभे होते, चष्मा आधीच कपाळावर. आत्या स्टुलावर बसली होती. मी वहीत लिहीत गेले आणि मोठ्याने वाचत गेले.

जाळ क्रमांक चोवीस. पाचोळा २५०.० ग्रॅम, त्यातला नायट्रोजन २.२५ ग्रॅम. शंभरातले भाग: राखेत ११.२. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत २१.४. अमोनियात २१.९. हायड्रोजन सायनाइड आणि इतर वायूंत ५.३. नायट्रस ऑक्साइडमध्ये ०.८. साधा नायट्रोजन ३६.१. एकूण ९६.७, कमी-जास्त १.४. पहिल्या चौदांची सरासरी ९६.२; ताळा जुळला.